कोऱ्या चेहऱ्याचा नियम

आयर्लंडच्या हिरव्या सणाच्या, सेंट पॅट्रिकच्या दिवशी संध्याकाळी डर्व्हला गेराटीच्या स्वयंपाकघरात जिकडे बघावं तिकडे हिरवी चमकी होती. लोण्यावर होती, किटलीच्या मुठीवर होती, कुत्र्याच्या कानांवर होती, आणि सगळ्यात जास्त तिच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, सायव्हच्या, तोंडावर होती. सकाळच्या मिरवणुकीत नृत्यशाळेच्या सगळ्या पोरी रंगवून एका ट्रकवर उभ्या केल्या होत्या. लिपस्टिक, मस्कारा, गालांवर लाली आणि वरून मूठमूठ चमकी. चार्ल्सटाउन गावाचा रस्ता तो केवढा, या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा माणूस रुमाल काढील, पण पोरींना नटवलं होतं असं की जशा काही डब्लिनच्या मोठ्या रंगमंचावरच निघाल्या आहेत.

नटवायला कुणाची ना नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्लायगोला फेश होती, नाचाच्या स्पर्धा, आणि फेशचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दहा वर्षांखालच्या मुलीच्या चेहऱ्यावर मेकअपचा ठिपका दिसता कामा नये. दिसला की नाच बाद. म्हणजे आज रंगवा आणि उद्या कोरी करून आणा. दरवर्षी हे असंच होतं, आणि दरवर्षी त्या संध्याकाळी अर्ध्या गावातल्या आया पोरींची तोंडं घासत बसतात. ज्या कुणी या दोन गोष्टी एकापाठोपाठ ठेवल्या त्याला एकदा घासायला बसवलं पाहिजे, असं डर्व्हलाला दरवर्षी वाटायचं, आणि यंदा घासायची पाळी तिच्यावरच आली होती.

आणि तिच्या जिवाला घोरही होता. सायव्हची ही पहिलीच फेश. गेल्या वर्षी ऐन वेळी कांजिण्या निघाल्या आणि पोर खिडकीत बसून इतरांच्या गाड्या जाताना बघत राहिली. तेव्हापासून वर्षभर तिचे पाय थांबले नव्हते. दात घासताना जिगच्या उड्या, बसची वाट बघताना जिग, दुकानातल्या रांगेत जिग. वरच्या खोलीत ती नाचायला लागली की खालच्या बशा खणखणायच्या. उद्या काही झालं आणि तिला नाचू दिलं नाही तर काय होईल, याचा विचारही डर्व्हला करत नव्हती.

म्हणूनच तर ती बरणी घेतली होती.

त्या बरणीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळी आग तिथूनच लागली. जसिंटा किलकॉइन ही नृत्यशाळेची बाई. डर्व्हलाच्याच वर्गातली, शाळेत पुढच्या बाकावर बसायची आणि खोडरबर मागितलं तर आधी हात धुतलेस का म्हणून विचारायची. आता तिच्याकडे साठ पोरी नाचायला येतात आणि आसपासच्या गावांत दुसरी शाळा नाही, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे शब्द. पंधरवड्यापूर्वी चर्चच्या हॉलमध्ये सराव संपल्यावर तिने सगळ्या आयांना थांबवून घेतलं आणि टेबलावर बरण्या मांडल्या. क्रीम तिची भावजय विकते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी बोललं नाही.

"ओल्या रुमालांनी पुसलंत तर चमकी राहते," जसिंटा म्हणाली. "मेडिकलमधली स्वस्तातली कोल्ड क्रीम लावलीत तर मस्काऱ्याचा काळा डाग राहतो. आणि घरचं तेलबिल लावून तर कृपा करून आणू नका, पोरगी तळायला काढल्यासारखी दिसते. ही क्रीम सगळं मुळापासून काढते. ज्यांना आपल्या मुलीच्या त्वचेची काळजी आहे त्या घेतीलच. आणि ज्यांना परवडत नसेल त्यांनी मला बाजूला येऊन सांगा. लाजायचं काही कारण नाही."

आता असं म्हटल्यावर कोणती आई बाजूला जाईल? साठ जणींच्या देखत हॉलच्या कोपऱ्यात चालत जायचं आणि उभं राहून सांगायचं की बाई, आमचं भागत नाही? एकही गेली नाही. सगळ्यांनी पर्स उघडल्या. डर्व्हला पेट्रोलपंपाच्या दुकानात पहाटेपासून ब्रेकफास्ट रोल भरते, तिचा नवरा कोलम ट्रक घेऊन महिन्यातले तीन आठवडे बाहेर असतो. अडतीस युरो तिने काढून दिले आणि वर हसून थँक्यूसुद्धा म्हणाली. त्या थँक्यूचा राग तिला अजून येत होता. बरणी मुठीत मावेल एवढी. तेवढ्या पैशात तिने महिनाभर बटाटे तळले असते आणि उरलेल्या तेलात गावातल्या सगळ्या पोरींची तोंडं पुसून दिली असती.

हेच त्या संध्याकाळी तिच्या आईने बोलून दाखवलं. अट्रॅक्टा अंगणापलीकडच्या घरात राहते. ती कापडात गुंडाळलेला ब्राउन ब्रेड घेऊन आली, टेबलावरची बरणी बघितली, डोळ्यांजवळ नेऊन मागची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला आणि ठेवून दिली.

"सूर्यफुलाचं तेल कुठेय तुझं?" तिने विचारलं.

"मॅमी, नको."

"नको काय? बोटावर तेल घ्यायचं, तोंडभर फिरवायचं, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपायचं. मग साध्या साबणाचा एक हात. तुम्हा तिघी बहिणींची तोंडं मी अशीच पुसली. ख्रिसमसच्या नाटकात तू गाढव झाली होतीस तेव्हा बुटाचं पॉलिश फासून आली होतीस घरी. तेही निघालं."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"तेव्हा तोंड वेगळं होतं का तुझं?"

"मॅमी, उद्या तिथे सगळ्या असतील," डर्व्हला चिडून म्हणाली. "एकट्या माझ्या पोरीच्या तोंडाला फोडणीचा वास आला तर काय म्हणतील? भिकेला लागलेत म्हणतील. एवढे पैसे घातलेत ना, मग ते वापरू दे मला."

अट्रॅक्टाने ब्रेड कापायला घेतला. तिला लागलं होतं, पण तिने दाखवलं नाही, आणि डर्व्हलाला ते कळलं होतं, पण तिने विचारलं नाही. दोघी तशाच आहेत.

क्रीमला संत्र्याचा वास होता आणि बोटांना बारीक रवा लागत होता. सगळं विरघळेपर्यंत चोळा, असं जसिंटाने सांगितलं होतं. डर्व्हलाने चोळलं. लाली गालांवर जास्त म्हणून गाल जास्त चोळले. चमकी हटेना म्हणून परत क्रीम घेतली आणि परत चोळलं.

"मॅमी, चुरचुरतंय."

"सोस जरा. महागातलं आहे."

असं ती म्हणाली. पुढे कितीतरी दिवस हे वाक्य तिच्या कानात वाजत राहणार होतं, पण त्या क्षणी तिला ते अगदी शहाणपणाचं वाटलं.

सकाळी सायव्ह जिन्यावरून खाली आली ती दोन्ही गालांवर दोन लालभडक गोल घेऊन. बशी पालथी ठेवून रेघ मारावी असे गोल. बरोबर जिथे काल लाली होती तिथेच, आणि कालच्यापेक्षा जास्त लाल. हात लावला तर गरम.

डर्व्हलाने गार पाण्याची पट्टी ठेवली, मग थंड दूध लावलं, मग खिडकी उघडून पोरीला वाऱ्यात उभं केलं. लाली जाईना. अट्रॅक्टा दारात उभी होती. मी सांगितलं होतं, एवढे तीन शब्द तिने तोंडातून काढले असते तर डर्व्हला तिथेच रडली असती. पण ती म्हणाली, "निघा आता, स्लायगोला गाडी लावायला जागा मिळत नाही." आणि तिने गाडीच्या मागच्या सीटवर सँडविचची पिशवी ठेवली.

फेश एका शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये होती. आत केसांच्या स्प्रेचा ढग, ॲकॉर्डियनचा आवाज, बटाट्याच्या वेफर्सचा वास. मोठ्या गटातल्या मुली कुरळे विग घालून, पापण्या चिकटवून, खडे लावलेले झगे सावरत फिरत होत्या. त्यांना सगळं माफ. छोट्यांना मात्र साधा स्कर्ट, पांढरे मोजे आणि कोरा चेहरा. स्टेजच्या पायऱ्यांपाशी मिसेस स्कॅनलन नावाच्या व्यवस्थापक बाई टिश्यूचा डबा घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. एकेक पोरगी पुढे आली की हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवायच्या, शंका आली तर टिश्यू फिरवायच्या. गाय विकत घेताना बघतात तसं. आणि स्वतः बाईंच्या चेहऱ्यावर फाउंडेशनचा असा थर होता की हसल्या असत्या तर तडा गेला असता, पण त्या हसत नव्हत्या.

रांगेत सायव्हच्या पुढे क्लोडा होती, मजेलाची मुलगी. मजेला गावातल्याच मेडिकलमध्ये काउंटरला असते. तिने डर्व्हलाकडे बघून मान हलवली आणि घाईने दुसरीकडे बघितलं. क्लोडाचा चेहरा नितळ, एकसारखा, दुधाच्या सायीसारखा दिसत होता. मिसेस स्कॅनलननी तिची हनुवटी सोडली आणि तिला वर पाठवलं. मग सायव्ह पुढे आली.

"ही लाली," मिसेस स्कॅनलन म्हणाल्या.

"लाली नाहीये ती," डर्व्हला म्हणाली. "गाल लाल झालेत तिचे. चोळून."

"प्रत्येक आई असंच म्हणते." बाईंनी टिश्यू घेऊन सायव्हचा गाल पुसला. सायव्हने डोळे घट्ट मिटले. टिश्यू पांढरा निघाला. बाईंनी तो उजेडात धरून फिरवला, आणि त्याच्या कडेला एक हिरवा कण चमकला. एकच. तीळभरसुद्धा नाही.

"हे काय आहे?"

"ती चमकी आहे. कालच्या मिरवणुकीतली. आमच्या कुत्र्याच्या कानावरसुद्धा आहे, तो काही मेकअप करत नाही."

मागच्या एकदोघी हसल्या. मिसेस स्कॅनलन हसल्या नाहीत. "दहाखाली चेहऱ्यावर काहीही चालणार नाही," त्या म्हणाल्या. "बाजूला घ्या तिला. शाळेच्या बाईंना बोलवा."

जसिंटा आली. हिरवा कोट, गळ्यात शाळेचा बिल्ला, तोंडावर ते जुनं पुढच्या बाकावरचं हसू. तिने सायव्हच्या गालांकडे बघितलं आणि तिला कळलं. डर्व्हलाने ते कळताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, कारण जसिंटाची नजर सायव्हवरून उडून हॉलमधल्या आपल्या बाकीच्या पोरींवर गेली आणि परत आली. मग ती मिसेस स्कॅनलनना गोड आवाजात म्हणाली, "माफ करा हं. मी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. पण काही घरांत अजून ते स्वयंपाकाचं तेल वगैरे चालतं ना. त्याने रंग निघत नाही, नुसता पसरतो. मी काय करणार?"

डर्व्हलाला पहिल्यांदा वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हिच्या हातात आपण पैसे ठेवले. हिने ते मोजून खिशात घातले. आणि ही साठ जणींच्या देखत आपल्या आईच्या तेलावर ढकलते आहे, ज्या तेलाला आपण काल हातही लावू दिला नाही. रागाने तिची जीभ टाळ्याला चिकटली. आयुष्यात जेव्हा जेव्हा खरं बोलायची वेळ आली तेव्हा तेव्हा तिचं हेच झालं होतं, मग घरी गेल्यावर भांडी घासताना सगळी उत्तरं सुचायची.

बोलली ती सायव्ह.

"आम्ही तेल नाही लावलं, मिस," ती म्हणाली. "आम्ही तुमची बरणी लावली. दोनदा. मला चुरचुरत होतं, तर मॅमी म्हणाली सोस, महागातलं आहे."

पोरीने हे कुणाला दोष द्यायचा म्हणून सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून जे झालं ते सांगितलं. पण ते ऐकून डर्व्हलाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, आणि त्या क्षणी हॉलमध्ये सगळ्यात लाल गाल कुणाचे असतील तर तिचे होते.

जसिंटाने तिच्या कोपराला धरून तिला बाजूला नेलं. बरोबर कोपऱ्यात. "हे बघ," ती कुजबुजली, "वाढवू नकोस. कुणाकुणाला होतं असं, नाजूक कातडी असली की." तिने कोटाच्या खिशातून फाउंडेशनची डबी काढली. "पटकन एक हात मारूया हिच्या गालांवर. लाली झाकली की झालं. मग परत रांगेत आण, स्कॅनलनबाईंना कळणारसुद्धा नाही. आज सकाळपासून चार जणींना लावलंय मी."

"काय लावलंयस?"

"थोडंसंच गं. त्वचेच्या रंगाचं."

डर्व्हलाने डबीकडे बघितलं, मग जसिंटाकडे बघितलं. "म्हणजे मेकअप नाही हे दाखवायला मेकअप लावायचा," ती म्हणाली.

"तुला पोरीला नाचवायचंय की नाही?"

हेच ते. इथेच नेम धरून मारतात ही माणसं. पोरीच्या नावाने. तेव्हा त्वचेची काळजी असेल तर घ्या म्हणाली, आज नाचवायचं असेल तर लावा म्हणते. सायव्ह डबीकडे बघत होती. तिच्या पायाची टाच जमिनीवर आपोआप हलत होती, वर चाललेल्या ॲकॉर्डियनच्या तालावर. ती लावून घ्यायला तयार होती. तिला नाचायचं होतं, बाकी कशाशी तिला देणंघेणं नव्हतं. आणि हो म्हणायला डर्व्हलाची मान अर्धी हललीही होती.

तेवढ्यात सायव्हने स्वतःच तोंड पुढे केलं, डोळे मिटले, ओठ दाबले आणि श्वास धरला. सोसायच्या तयारीत.

ते बघितल्यावर डर्व्हलाच्या डोक्यात काहीतरी तुटलं. तिने जसिंटाच्या हातातली डबी बंद केली, सायव्हचा हात धरला आणि ती सरळ मिसेस स्कॅनलनच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही. त्याची गरजच नव्हती, सगळ्यांचं लक्ष तिथेच होतं.

"बाई, हिला नाचू द्या," ती म्हणाली. "आधी नाचू द्या आणि मग तपासा. नाचून खाली उतरल्यावर ओळीतल्या पोरींमधून लाली लावलेली कोणती ते मला दाखवा. दाखवता आली तर तुम्ही म्हणाल ते कबूल, नाव काढून घेईन आणि परत या हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही. पण क्रीमने भाजलेल्या गालावर मी रंग फासणार नाही. काल मी तिला सोस म्हणाले, आज म्हणणार नाही."

मिसेस स्कॅनलननी टिश्यूकडे बघितलं. मग रांगेकडे बघितलं. रांग दारापर्यंत गेली होती आणि स्पर्धा आधीच तासभर मागे पडली होती. स्टेजवरचा ॲकॉर्डियनवाला कंटाळून म्हणाला, "ही पोरगी येणार आहे का? माझा चहा गार व्हायला लागला."

"जा," बाई सायव्हला म्हणाल्या. "मी खाली थांबलेय. परत बघणार आहे."

सायव्ह पायऱ्या चढली तीच जवळजवळ नाचत. तीन मुली एका ओळीत, मध्ये क्लोडा, कडेला सायव्ह. ॲकॉर्डियन सुरू झालं आणि डर्व्हलाला पहिल्यांदा कळलं की वर्षभर घरातल्या बशा का खणखणत होत्या. तिला नाचातलं फारसं कळत नाही. पण पोर अशी उडत होती की स्टेज तिला खाली धरून ठेवू शकत नव्हतं. हात अंगालगत सरळ, मान ताठ, आणि गाल पेटलेले. बघणाऱ्यांतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ती लाल गालांची कोण गं?" आणि डर्व्हलाला वाटलं, सांगावं, माझी आहे.

जिग संपली. तिघींनी वाकून नमस्कार केला आणि त्या धापा टाकत खाली आल्या. जिग नाचून बघितली नसेल तर सांगून समजायचं नाही, पण त्यानंतर माणसाचं तोंड उकडलेल्या बिटासारखं होतं. तिन्ही पोरी लाल होत्या. कपाळ लाल, कान लाल, मान लाल. सायव्हचे ते दोन गोल कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे आता तिच्या आईलासुद्धा सांगता आलं नसतं.

मिसेस स्कॅनलन टिश्यू हातात धरून उठल्या. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं.

आणि त्याच वेळी डर्व्हलाला क्लोडाची मान दिसली. हनुवटीखालून घामाबरोबर मातकट रंगाचा ओघळ उतरत होता आणि पांढऱ्या कॉलरच्या दिशेने निघाला होता. ओघळ गेला होता तिथे खाली लालभडक कातडी दिसत होती, सायव्हसारखीच. चारांपैकी ही एक. मिसेस स्कॅनलननी अजून बघितलं नव्हतं. मजेलाने बघितलं होतं. ती चार पावलांवर उभी होती आणि तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं.

डर्व्हलाने नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. सायव्ह सुटली असती, जसिंटा सगळ्यांसमोर उघडी पडली असती, हिशेब चुकता झाला असता. तिच्या मनात ते आलं नाही असं नाही. आलं, आणि चांगलं ठसठशीत आलं. पण समोर जी होती ती नऊ वर्षांची पोर, आणि ती आत्ताच जीव तोडून नाचून आली होती.

तिने सँडविचची पिशवी उघडली, पुसायला काही मिळतं का बघायला. तळाशी तिच्या आईने दोन गोष्टी ठेवल्या होत्या. जॅमच्या छोट्या बाटलीत सूर्यफुलाचं तेल आणि ओला फडका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. डर्व्हलाने फडक्याच्या टोकाला तेल लावलं, क्लोडाला जवळ ओढलं आणि म्हणाली, "किती घाम आलाय गं तुला, ये पुसते." दोन हातांत मान साफ झाली. मातकट रंग फडक्यावर आला आणि डर्व्हलाने फडका मुठीत दाबून धरला.

"ठीक आहे," मिसेस स्कॅनलन शेवटी म्हणाल्या. त्यांनी टिश्यू बाहीत खोचला. "गरमच आहे हॉलमध्ये." आणि त्या पुढच्या रांगेकडे वळल्या.

मजेलाने क्लोडाचा कोट घेतला आणि डर्व्हलाच्या जवळून जाताना तिच्या खांद्याला नुसता हात लावला. जसिंटा कुठे दिसत नव्हती.

सायव्हचा तिसरा नंबर आला. पदक एवढंसं होतं, पण तिने ते घरी येईपर्यंत दातांत धरून ठेवलं होतं, खरं आहे का बघायला.

एवढ्यावर डर्व्हलाचा राग निवला असता. ती माणूस तशी भडकली तरी लवकर विझणारी. पण संध्याकाळी अट्रॅक्टाच्या स्वयंपाकघरात चहा ओतत असताना तिच्या फोनवर नृत्यशाळेच्या पानावरचा फोटो आला. पदक घातलेल्या सगळ्या पोरी एका ओळीत, आणि सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक, गुळगुळीत, धुऊन इस्त्री केल्यासारखे. सायव्हच्या गालांवर लालीचा मागमूस नव्हता. नाकावरचे तिचे जन्माचे तपकिरी ठिपकेसुद्धा कुणीतरी पुसून टाकले होते. खाली जसिंटाने लिहिलं होतं, आमच्या कोऱ्या चेहऱ्याच्या मुली, आणि त्वचा अशी का दिसते हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बरण्या अजून शिल्लक आहेत.

सायव्हने मान वळवून फोटो बघितला.

"मॅमी, ही मी नाहीये," ती म्हणाली.

"नाहीच आहेस," डर्व्हला म्हणाली. तिने पोरीला दिव्याखाली उभं केलं, होती तशी, गाल लाल, नाकावर ठिपके, दातांत पदक, आणि फोटो काढला. मग त्या पांढऱ्याफटक फोटोच्या खाली तो टाकला आणि लिहिलं, ही तीच मुलगी, आज संध्याकाळी. बरणी मी पैसे देऊन घेतली आणि लावली, म्हणून हे झालं. तेल लावलं असतं तर झालं नसतं. परवडत नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून घेतली. एवढं लिहून तिने फोन टेबलावर पालथा टाकला.

"सोमवारी तिला क्लासला घेतील की नाही कोण जाणे," ती म्हणाली. "न घेतलं तर दर आठवड्याला स्लायगोला नेईन. पण गप्प बसणार नाही. किती वर्षं गप्प बसायचं? ती पुढच्या बाकावर बसायची तेव्हापासून."

"आरशात बघ एकदा," अट्रॅक्टा म्हणाली.

डर्व्हलाने सकाळी फेशसाठी म्हणून मस्कारा लावला होता. तो आता हनुवटीपर्यंत आला होता. आपण केव्हा रडलो तिला आठवेना. गाडीत असावं.

"बस इथे," अट्रॅक्टाने खुर्ची ओढली. तिने बोटांवर तेल घेतलं आणि लेकीच्या तोंडावर फिरवलं, कपाळावरून कानाकडे, गालांवरून खाली, मिटलेल्या पापण्यांवरून अगदी हलकं. मग कोमट पाण्यात फडका पिळला.

"मॅमी, काल मी तुला..."

"तोंड मीट. तेल जाईल."

"जाऊ दे. अडतीस युरो, मॅमी. आणि वर थँक्यू म्हणाले मी तिला. फडक्याखालीसुद्धा आग आग होतेय माझी."

"कळतंय मला. हलू नकोस."

टेबलावर फोन वाजला. मग पुन्हा वाजला. डोळ्यांवर फडका असल्यामुळे डर्व्हलाला बघता येईना, आणि एकाएकी तिला बघायची भीतीही वाटली. "सायव्ह, बघ गं कोण आहे. जसिंटा असली तर वाचू नकोस."

सायव्हने फोन उलटा केला.

"क्लोडाची मॅमी आहे," ती म्हणाली. "तिने क्लोडाचा फोटो टाकलाय, तोंड धुतल्यावरचा. आमची पण, असं लिहिलंय." तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि थोड्या नाराजीने म्हणाली, "तिचे गाल माझ्यापेक्षा लाल आहेत."

डर्व्हला फडक्याखाली हसायला लागली, आणि तेल तोंडात गेलं.